मागे बसणारीची सीट

आमच्या मालकांनी तळहातानं दाबून बघितल्याशिवाय कुठं बूड टेकलं नाही. लग्नाच्या मांडवात तेच, बँकेत तेच. लेकीसाठी वाळपईचं स्थळ बघायला गेले, तर पोराकडच्यांनी 'बसा, बसा' म्हणून सोफा दाखवला. ह्यांनी आधी वाकून तो चारी कोपऱ्यांत दाबला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की ह्याचा स्पंज मेलाय, त्यापेक्षा मी जमिनीवर बसतो. आणि बसले की हो मांडी घालून. मग लाजेकाजेस्तव सोयऱ्यांनाही खाली बसावं लागलं. तरीही लग्न जमलं, ही त्या पोरीची पुण्याई.

हे मला काकींनी सांगितलं होतं, म्हणजे मालकांच्या बायकोनं. सांगता सांगता पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या, की शेवटी डोळे पुसायला लागल्या. तेव्हा त्यांची तब्येत चांगली होती.

मालक म्हणजे माझे घरमालक. मी मूळचा गडहिंग्लजकडचा, इथल्या लोकांच्या भाषेत घाटी. गोव्यात डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत कामाला आलो आणि चार वर्षांत सुपरवायझरशी भांडून बाहेर पडलो. माझं डोकं तसं लवकर फिरतं, ते मी कधी लपवलं नाही. हातात कला एकच, मोटारसायकलच्या सीटा करायची. जवळच मये गावात रस्त्यालगत ह्यांचं घर होतं, वर हे राहायचे. पुढच्या खोलीत जुने टायर रचून ठेवलेले, ती खोली दुकानासाठी द्याल का म्हणून विचारायला गेलो. भाडं, कागद, कसलीच बात नाही. म्हणाले, सीट कोणासाठी करतोस ते सांग. मी म्हटलं, गिऱ्हाइकासाठी. "चुकलंस," म्हणाले. गाडी चालवणारा हँडल धरतो, रस्ता बघतो, खड्डा आला की आधीच अंग सावरून घेतो. मागं बसलेल्याला खड्डा कळतो तो थेट कण्यात. तेव्हा सीट बघायची ती मागं बसणाऱ्यासाठी, आणि कशी झाली हेही विचारायचं त्यालाच.

"फाटी बसता तो खोटां बोलणा नाय," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. फाटी म्हणजे मागं. हे वाक्य माझ्या दुकानावर पाटी करून लावायचा त्यांचा विचार होता, मी हाणून पाडला.

सीटेचं हे खूळ त्यांना उगाच लागलं नव्हतं. पंचवीस वर्षं त्यांनी खाणीवर टिपर चालवला होता. खाणीपासून जेटीपर्यंत लाल धुळीच्या रस्त्यावर दिवसाला सात-आठ खेपा. कंबर गेली ती तिथंच. चालताना एका अंगाला कलायचे, जिना चढताना गुडघ्याला हात लावायचे. खाण बंद पडली आणि टिपर मागच्या अंगणात उभा राहिला तो राहिलाच, त्यावर वेल चढले. पण ड्रायव्हरची सीट मात्र त्यांनी उचकटून आणून ओसरीत मांडली होती. खाली काथ्या, वर गोणपाट, त्यावर घोंगडीच्या दोन घड्या, असा थर स्वतः रचलेला. संध्याकाळी त्या सीटेवर बसून समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या बघायचे आणि मागं बसलेल्या प्रत्येकाची कीव करायचे. खुर्चीला ते कदेल म्हणत. घरात सहा कदेलां होती, पण पाहुण्यानं एखाद्यावर बसायच्या आधी, ते का वाईट आहे हे त्याला ऐकून घ्यावं लागायचं.

माझ्या कामात तर रोज नाक खुपसायचे. कोणी पोरगा नवी गाडी घेऊन आला, ती हल्लीची, पुढं सीट वेगळी आणि मागं उंचावर चार बोटांची टोकदार फळी, की मालक ओसरीवरून खाली उतरायचे. मागं कोण बसणार, विचारायचे. पोरगा लाजत म्हणायचा, अजून ठरलं नाही. मग त्याला सांगायचे, ठरू दे, ती ह्या सीटेवर एकदाच बसेल आणि दुसऱ्या दिवसापासून बसनं जाईल. माझी दोन गिऱ्हाइकं असं बोलून पळवली. मी भांडायचो. ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. पण खोटं कशाला बोलू, धंद्यातली अर्धी अक्कल मला त्यांनीच दिली. लोक मऊ सीट मागतात. अंगठ्यानं दाबतात, अंगठा आत गेला की खूश. मऊ फोम दहा किलोमीटरात बसतो आणि खालचा पत्रा लागायला लागतो. सीट जरा कडक हवी, मागं रुंद हवी, पुढं उतरती नको. उतरती असली की मागचा माणूस प्रत्येक ब्रेकला पुढच्यावर घसरतो आणि दिवसभर हातांनी स्वतःला मागं रेटत बसतो. आणि अर्धा तास बसल्याशिवाय कुठल्याच सीटेची परीक्षा होत नाही. हे सगळं त्यांचं.

काकींच्या किडन्या गेल्या, तेव्हा हे खूळ खूळ राहिलं नाही.

आठवड्यातून तीनदा म्हापशाला डायलिसिस. मयेहून म्हापसा काही लांब नाही, पण काकींना गाडी लागायची. साधी नाही. बस असो, कार असो, काच दिसली की पाचव्या मिनिटाला पोटातलं सगळं बाहेर. वाळपईहून लेक कार घेऊन आली होती, तर अस्नोड्यापर्यंतच काकींनी इतकं काढलं, की हॉस्पिटलात पोचेपर्यंत उभं राहायचं त्राण नव्हतं. काचा उघड्या ठेवून बघितल्या, लिंबू हुंगून बघितलं, गोळ्या बघितल्या. मोटारसायकलवर मात्र काही व्हायचं नाही. इब्रामपूरची पोर, लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याच्या मागं एका अंगाला बसून सगळीकडं गेलेली. तेव्हा मोटारसायकलच. जुनी, शंभर सीसीची, सीट मूळची आणि फाटकी.

मालक माझ्याकडं आले. पहिल्यांदाच काही न दाबता माझ्या बाकड्यावर बसले. म्हणाले, अशी सीट कर की तिला गाडीवर बसल्याचं कळता कामा नये.

मी सरळ सांगितलं, काकींना घेऊन या, बसवून माप घेतो. तुम्हीच सांगता ना, मागं बसणाऱ्याला विचार म्हणून. तर म्हणाले, तिला जिना उतरायला लावू नको, तिचं माप मला पाठ आहे, तीस वर्षं पाठीला आहे ती माझ्या. ऐकेनात. मी तीन फोम काढून ठेवले, एक पांढरा मऊ, एक त्याहून कडक, एक कुटलेल्या तुकड्यांचा, दगडासारखा. प्रत्येकावर ते तास तास बसले, वर्तमानपत्र वाचत. कडक पांढरा पसंत पडला. पण नुसतं दुकानात बसून समाधान होईना. मग मला म्हणाले, गाडी तू चालव.

त्या दिवसाची गोष्ट मयेतले लोक अजून काढतात. मी पुढं, आणि मागं साठीचा हा माणूस, लुंगीत, एका अंगाला बसलेला. दोन्ही गुडघे जुळवलेले, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात मांडीवर काकींची हॉस्पिटलची पिशवी. काकी जशा बसतात तसं बसायचं, म्हणजे काय दुखतं ते कळेल, हा हिशोब. वाटेत ओळखीचे थांबून बघत होते. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून उंडे घेऊन चालला होता, त्यानं उतरून हात जोडले. मालकांचं लक्षच नव्हतं. डोळे मिटून बसले होते आणि मागून सांगत होते, इथं तिची मांडी भरून येईल, इथं तिचा पाय लटकतोय, पाय टेकायला पट्टी दोन बोटं वर घे. अस्नोड्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो. उतरल्यावर कंबरेत वाकले ते पाच मिनिटं सरळ झाले नाहीत. मी पाणी दिलं. मला हसू येत होतं, आणि हसू येतंय ह्याची लाजही वाटत होती.

सीट झाली. जुन्या सीटेचाच पत्रा घेतला, त्यावर कडक फोम, वर मऊ फोमचा एक बोटभर थर, मागं टेकायला पाठ, कडेला धरायला दांडा. रेक्झिन न घसरणारं. मी आजवर काही शे सीटा केल्या असतील, पण ही झाल्यावर तिच्यावरून हात फिरवत मी स्वतःच बसून राहिलो.

पहिल्या दिवशी सकाळी मालकांनी काकींना बसवलं आणि आपला मोठा पंचा दोघांच्या कंबरेभोवती फिरवून पुढं गाठ मारली. येताना तिला झोप आली तर पडायला नको म्हणून. असे ते जायचे, वीसच्या वेगानं, बांधलेले. गावातली पोरं हसली, मग हसायची थांबली.

तीन आठवडे बरे गेले. मग एक दिवस मालक सीट काढून हातात घेऊन आले. डावीकडं टोचतं म्हणते. मी उघडली, डावीकडं थर बदलला. फोम चिकटवायचं सोल्युशन वाळायला एक दिवस लागतो, तेवढा दिवस गाडी बिनसीटेची. काकींची त्या दिवसाची डायलिसिसची पाळी चुकली. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाची गाडी आणा की आजच्यापुरती. तर माझ्यावरच डोळे वटारले. दुसऱ्याच्या कसल्याही सीटेवर तिला बसवू? असा हा माणूस. आठ दिवसांनी परत सीट. आता मागं उंच लागते. कमी केली. परत. आता पाठ टोचते. परत. आता सगळीच कडक लागते.

पाचव्या वेळी माझं टाळकं सटकलं. मी त्यांना नको ते बोललो. म्हटलं, तुम्हाला सीट कळत नाही, तुम्हाला नुसतं दाबायला येतं. इतक्या वेळा उघडून कुठली सीट बरी राहील? त्यांनी सीट बाकड्यावर ठेवली, तिच्यावर एकदा हात दाबला आणि गेले. तेव्हा दिसलं, त्यांची दाढी वाढली होती. त्या वयाच्या माणसाला मी ओरडलो, ह्याचं मला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते औषधं आणायला डिचोलीला बसनं गेले, आणि काकी खाली आल्या. जिना कसा उतरल्या देव जाणे. हात सुजलेला, सुया टोचून काळानिळा. चेहरा ओळखू येऊ नये इतका उतरलेला. त्यांच्यासाठी मी खुर्ची ओढली, तर नको म्हणाल्या आणि बाकड्यावर जी सीट मी उघडायला घेतली होती तिच्यावरच बसल्या. मग रेक्झिनवरून हात फिरवत म्हणाल्या, सीट बरी आहे रे पुता, पहिल्या दिवसापासून बरी आहे. तिच्यावर मला कधी काही दुखलं नाही.

मला कळेना. मग टोचतं का म्हणता, विचारलं.

"माका आता थंय जावचां नाय," म्हणाल्या. मला आता तिथं जायचं नाही. सुई नको, ते मशीन नको, चार तास छताकडं बघणं नको. सीट तुझ्याकडं आली की एक पाळी चुकते. त्या दिवशी मी घरात असते, तो असतो, पेज करतो, बसतो. तेवढंच.

मी म्हटलं, काकी, हे मालकांना सांगा की. मला का सांगता?

त्यांनी माझ्याकडं बघितलं, अगदी शांत. "तेका सांगलां तर तो रडतलो. सीट वायट म्हटलां की तो कामाक लागता."

ज्या माणसाचा देवापेक्षा मागं बसणाऱ्याच्या शब्दावर जास्त विश्वास, त्याला त्याचीच बायको पाच वेळा खोटं सांगत आली होती, आणि ते त्याला सांभाळण्यासाठी. उठताना त्यांनी मला विचारलं, ही सीट जरा जास्त दिवस ठेवशील? सोमवारपर्यंत? तो दिवस गुरुवारचा होता. एक पाळी आधीच चुकत होती, शनिवारची धरून दोन होणार होत्या. एवढं किडनीचं गणित तोवर मलाही कळायला लागलं होतं.

मी हो म्हणालो.

आजही कोणी मला पकडून विचारलं, की का हो म्हणालास, तर मला धड सांगता येणार नाही. त्या उभ्या होत्या, दाराला धरून, आणि त्यांनी माझ्याकडं दुसरं कधी काही मागितलं नव्हतं.

मालक संध्याकाळी आले, सीट झाली का. मी म्हटलं, सोल्युशन वाळलं नाही, हवा दमट आहे. शुक्रवारी म्हटलं, फोम संपलाय, म्हापशाहून यायचाय. शनिवारी ते चार वेळा खाली आले. चौथ्या वेळी हात जोडले माझ्यापुढं. मी मान वर न करता ब्लेडनं फोम कापत राहिलो, उगाच, कामाचा नसलेला तुकडा. रविवारी ओसरीवर दोघं बसलेली होती. त्यांनी आपली ती टिपरची सीट काकींना दिली होती आणि स्वतः पायरीवर बसून त्यांचे पाय चेपत होते. काकी इब्रामपूरच्या काहीतरी जुन्या गोष्टी सांगत होत्या, ते मान हलवत होते. मी दुकानातून ऐकत होतो. चांगला दिवस होता तो त्यांचा, हे मी शपथेवर सांगेन.

सोमवारी सकाळी मी सीट दिली. पाळी मंगळवारची होती, तरी मालक काकींना त्याच दिवशी म्हापशाला घेऊन गेले, पण त्यांच्या अंगाला सूज आली होती, श्वास लागत होता. डॉक्टरांनी ठेवून घेतलं. बुधवारी त्यांना घरी आणलं ते ॲम्ब्युलन्समधून, आणि तेव्हा त्यांना गाडी लागायचा प्रश्न उरला नव्हता.

चवथीला पंधरा दिवस होते. त्या वर्षी त्या घरात गणपती नव्हता.

बाराव्या-तेराव्याचं सगळं आटोपलं, लेक वाळपईला परत गेली, आणि दोन दिवसांनी मालक दुकानात आले. खांद्याला ती सीट. माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, उघड. मी विचारलं, कशाला? म्हणाले, मला बघायचंय कुठं चुकलो. फोम मी पसंत केला, पाठ मी सांगितली, पट्टी मी वर घ्यायला लावली. तिला ती सीट लागत होती, ती परत परत सांगत होती, आणि मला तिचं दुखणं शोधता आलं नाही. सीट बरी असती तर तिच्या पाळ्या चुकल्या नसत्या. बोलताना त्यांचा आवाज कापत नव्हता. कित्येक रात्री हाच एक विचार केलेल्या माणसाचा आवाज होता तो.

मी पिना उपसल्या, रेक्झिन काढलं. आत माझं काम स्वच्छ होतं. एक घडी नाही, एक फट नाही. मालक वाकले, तळहात टेकवला आणि इंचाइंचानं दाबत गेले, पुढून मागं, मागून पुढं. मग माझ्याकडं बघितलं. "खरां सांग. माझी चूक खंय झाली?"

खरं माझ्या ओठांवर होतं. सीटेत काही चूक नव्हती मालक, काकींनाच जायचं नव्हतं. एवढं बोललो असतो तर सीटेचं ओझं त्यांच्यावरून उतरलं असतं. आणि त्या जागी काय बसलं असतं, ते मला त्यांच्या तोंडाकडं बघून दिसलं. तीस वर्षं पाठीला असलेली बाई कंटाळली होती, आणि आपल्याला कळलं नाही. तिनं ते भाड्याच्या खोलीतल्या माणसाला सांगितलं, आपल्याला सांगितलं नाही.

मी म्हटलं, "फोम खोटा निघाला, मालक. तुम्ही सांगितलेला नव्हताच तो. मी हलका घातला होता."

ते बघत राहिले. मग म्हणाले, मुद्दाम? मी मान डोलावली. आणि शेवटी इतके दिवस सीट अडकवलीस, ती? मी म्हटलं, ते पण. चूक झाकायला.

हे सगळंच खोटं बोललो असं मला म्हणता येत नाही. फोम चोख होता. पण त्या दोन पाळ्या मीच चुकवल्या होत्या, हे कुणी पुसणार नाही. त्यामुळं शिवी ऐकताना मला फारसं परकं वाटलं नाही. त्यांनी मला एकच शिवी दिली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि गेले. जिना चढताना त्या दिवशी गुडघ्याला हात लावला नाही.

खोली त्यांनी काढून घेतली नाही. पण बोलणं बंद. ओसरीवर बसायचे, माझं गिऱ्हाईक आलं की वरूनच सांगायचे, ह्याच्याकडं करू नका, हा फोम चोरतो. मयेतली गिऱ्हाइकं बंद झाली, मग डिचोलीची कमी झाली. मी उलटून कधी बोललो नाही. मी, जो सुपरवायझरच्या अंगावर धावून गेलो होतो. शेजारची बाई म्हणायची, म्हातारा आता जेवतो, झोपतो, पहिल्यासारखा स्वतःशी बडबडत फिरत नाही. मला तेवढंच पाहिजे होतं. लोक काय म्हणतात, म्हणू देत, असं मी स्वतःला सांगायचो. रात्री मात्र रडायला यायचं, ते का, कामासाठी का काकींसाठी, ते मला कळायचं नाही.

पुढच्या वर्षी लेकीनं त्यांना वाळपईला नेलं. वरचं घर कुलूपबंद आहे. दुकानाचं भाडं तीच घेते, फोनवर नीट बोलते.

मागच्या महिन्यात मी एका गाडीची सीट पोचवायला वाळपईला गेलो होतो. बाजारात चहाला थांबलो, तर कोपऱ्यातल्या बाकावर मालक. खूप वाळलेत. ऐकू कमी येतं बहुतेक, मोठ्यानं बोलत होते. समोर एक जावईवयाचा माणूस होता, त्याला सांगत होते, माझ्या बायकोसाठी मी सीट निवडली होती, अशी सीट गोव्यात कोणाकडं नव्हती, प्रत्येक गोष्ट बसून बघितलेली. तिला काही म्हणजे काही दुखलं नसतं.

"एका घाट्यान घात केलो," म्हणाले.

तो माणूस हळहळला. मी त्यांच्याकडं पाठ करून बसलो होतो. चहा अर्धा उरला होता. मी तो हळूहळू पूर्ण प्यालो, आणि त्यांना दिसू नये म्हणून मागच्या दारानं बाहेर पडलो.